वेष कोणाला माफ?

१८७१ या एकाच सालातल्या दोन घटना शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. मे महिन्यात लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये अर्नेस्ट बोल्टन आणि फ्रेडरिक पार्क या दोन तरुणांवरचा खटला निकाली निघाला. आदल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये स्ट्रँड नाट्यगृहाच्या बाहेर पोलिसांनी त्यांना पकडले, तेव्हा दोघांच्याही अंगावर बायकी पोशाख होता. बचाव असा होता, की ही मुले हौशी नाटकांत स्त्रियांच्या भूमिका करतात. नाटकाचा नाद रस्त्यापर्यंत आला, एवढाच त्यांचा दोष. ज्युरीने दोघांना निर्दोष सोडले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये हिंदुस्थान सरकारने सत्ताविसावा कायदा मंजूर केला. गुन्हेगार जमातींचा कायदा म्हणून आपण तो ओळखतो. पारधी, कैकाडी यांच्या संदर्भात त्याची चर्चा आपल्याकडे अनेकदा होते. पण त्याच कायद्याचा दुसरा भाग फारसा कोणी उघडून पाहत नाही. तो भाग तृतीयपंथीयांविषयी आहे. स्त्रीवेषात किंवा दागिने घालून रस्त्यावर दिसणे, लोकांसमोर नाचणे-गाणे, यासाठी त्यात दोन वर्षांपर्यंत कैद सांगितली होती.

राणी एकच आणि साल एकच होते. लुगडे असो वा झगा, प्रश्न पुरुषदेहावरच्या बायकी वस्त्राचाच होता. एकाला नाटकाची सबब तारून गेली. दुसऱ्याचे नाचणे-गाणे हाच गुन्हा ठरला. वेषांतराचा इतिहास आपण सहसा कपड्यांचा आणि कलेचा इतिहास म्हणून सांगतो. तो परवानगीचा इतिहास म्हणून वाचला, तर निराळेच चित्र दिसते. इंग्रजी कादंबरी, मराठी रंगभूमी आणि ज्या निजामी राज्यात बीड जिल्हा १९४८ पर्यंत होता त्या राज्याचा एक कायदा, अशा तीन ठिकाणी हा इतिहास या लेखात तपासायचा आहे.

सदरा घातलेल्या नायिका

व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या (१८३७ ते १९०१) इंग्रजी कथा-कादंबऱ्यांत वेष बदलणारी माणसे पुष्कळ आहेत. आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा लेखक जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स. इंग्रजी समीक्षकांनी त्याला कधी मोठा मानला नाही. पण हिंदुस्थानातल्या इंग्रजी शिकलेल्या पहिल्या पिढ्यांनी त्याला डोक्यावर घेतले. हरि नारायण आपटे यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिति’ (१८८५) रेनॉल्ड्सच्याच लंडनविषयक कादंबरीचा आधार घेऊन उभी राहिली. या रेनॉल्ड्सची ‘द मिस्टरीज ऑफ लंडन’ १८४४ पासून आठवड्याला एक पेनी किमतीच्या अंकांतून निघू लागली. तिच्या आरंभीच वादळी रात्री स्मिथफील्डच्या गल्ल्यांत वाट चुकलेला एक देखणा तरुण भेटतो. हा वॉल्टर सिडनी वास्तविक एलायझा नावाची मुलगी आहे. मालमत्ता भावाला मिळायची होती, भाऊ मरण पावला, आणि ती हातची जाऊ नये म्हणून बहिणीला त्याचे कपडे व त्याचे नाव देण्यात आले. पुढे बिंग फुटते आणि एलायझा तुरुंगात जाते.

इथे पोशाख ही हौस नाही, तो वारसा मिळवण्याचा मार्ग आहे. विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावाने मालमत्ता बाळगण्याचा पुरता अधिकार इंग्लंडात १८८२ च्या कायद्याने मिळाला. त्या आधीच्या कादंबऱ्यांत स्त्री पुरुषाचा कोट चढवते, तेव्हा त्या कोटाच्या खिशात बहुतेक वेळा काहीतरी असते: वारसा, धंदा, रात्री एकटे हिंडण्याची मोकळीक. टॉमस हार्डीच्या ‘द डिस्ट्रॅक्टेड प्रीचर’ (१८७९) या कथेतली लिझी न्यूबेरी मृत नवऱ्याचा कोट घालून रात्री चोरट्या दारूच्या व्यापाराला जाते. सारा ग्रँडच्या ‘द हेवनली ट्विन्स’ (१८९३) मधली अँजेलिका जुळ्या भावाचे कपडे घालून रात्री बाहेर पडते आणि एका गायकाशी मैत्री करते. माणूस म्हणून कोणी आपल्याशी बोलावे, बाई म्हणून नव्हे, एवढेच तिला हवे असते. आणि शेरलॉक होम्सला चकवणारी आयरीन अ‍ॅडलर तर मराठी वाचकांच्या ओळखीचीच आहे. १८९१ च्या कथेत ती पुरुषवेषात होम्सच्या दारावरून त्याला शुभरात्री म्हणून निघून जाते आणि त्या चतुर माणसाला आवाज ओळखता येत नाही.

पण या सगळ्यांचे पुढे काय होते ते पाहा. एलायझा तुरुंगात. लिझीला तो धंदा सोडून धर्मोपदेशकाची बायको व्हावे लागते. अँजेलिकाचे गुपित फुटते, गायक मरतो, ती नवऱ्याकडे परतते. आयरीन नवऱ्याबरोबर देश सोडते. स्त्रीने सदरा घातला, तर तो काही काळापुरताच. कादंबरी संपण्याआधी तो उतरला पाहिजे. शार्लट ब्राँटीने हे फार बारकाईने टिपले आहे. तिच्या ‘विलेट’ (१८५३) मध्ये शाळेच्या नाटकात लूसी स्नो या शिक्षिकेवर ऐनवेळी पुरुषाची भूमिका येऊन पडते. भूमिका ती करते, मात्र पुरता पुरुषी पोशाख घालायला ठाम नकार देते. स्वतःच्या झग्यावरच कॉलर, गळपट्टा आणि कोट असे मोजके पुरुषी कपडे ती चढवते. स्त्रीला किती सूट मिळेल याचे माप तिला नेमके ठाऊक आहे.

उलट पुरुषाने बायकी कपडे घातले, तर त्या पुस्तकांत तो डाव असतो किंवा गंमत. ‘जेन एअर’ (१८४७) मधला रोचेस्टर म्हातारी जिप्सी होऊन घरातल्या बायकांचे भविष्य सांगतो आणि त्यांच्या मनातले काढून घेतो. त्याचे काही बिघडत नाही. होम्सच्या पहिल्याच कादंबरीत (१८८७) एक तरुण म्हातारी होऊन येतो आणि त्याच्या हातावर तुरी देऊन पसार होतो. पकडले जाण्याची भीती आणि परत जाण्याची सक्ती फक्त नायिकांच्या वाट्याला आली आहे.

पदर घेतलेले नट

आता आपल्याकडे वळू. व्हिक्टोरियाला गादीवर येऊन सहा वर्षे झाली होती, तेव्हा १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले. त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षे प्रतिष्ठित मराठी रंगभूमीवर सीता, शकुंतला, सुभद्रा या प्रामुख्याने पुरुषच होते. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ १८८० मध्ये आले, ‘सौभद्र’ १८८२ मध्ये. भाऊराव कोल्हटकरांच्या सुभद्रेने प्रेक्षकांना वेड लावले. पुढे ते पुरुष भूमिकांकडे वळले आणि १९०१ मध्ये, राणी गेली त्याच वर्षी, तेही गेले. त्यांच्या मागून १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत नारायण श्रीपाद राजहंस आले. महाराष्ट्राला ते बालगंधर्व म्हणून ठाऊक आहेत.

इंग्रजी कादंबरीतल्या वेषांतरात आणि या वेषांतरात मूळचाच फरक आहे. तिथे वेष हे गुपित असते; ते फुटणार की नाही यावर वाचक श्वास रोखून बसतो. इथे गुपित नव्हतेच. भामिनी पुरुष आहे हे तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाला माहीत होते, आणि हे माहीत असूनही घरंदाज बायका तिच्यासारखे लुगडे नेसू लागल्या, तिच्यासारखे दागिने घडवू लागल्या. पुरुषाने दाखवलेली स्त्री ही स्त्रियांसाठी कित्ता झाली. याला आपण कला म्हणतो, आणि ती निर्विवाद मोठी कला होती. पण तिच्यासाठी जागा मोकळी कशी झाली, हेही विचारले पाहिजे. कुलीन स्त्रीने रंगमंचावर उभे राहणे निषिद्ध होते म्हणूनच पुरुषाच्या पदराला एवढा मान मिळाला. एलायझाने भावाचा कोट घातला तो तिला नाकारलेली जागा मिळवण्यासाठी. नटाने लुगडे नेसले ते स्त्रीला नाकारलेली जागा भरून काढण्यासाठी. दोन्हीकडे वेष त्याच बंद दाराची खूण आहे. एकीकडे कोणी बाहेरून धडका मारत आहे, दुसरीकडे कोणी आत सुखाने बसले आहे.

लेखणीचेही तेच झाले. हरिभाऊंनी १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकातून ‘पण लक्षात कोण घेतो!’ लिहायला घेतली. ती यमू नावाच्या मुलीची आत्मकथा आहे, सारी प्रथमपुरुषी. विधवेच्या केशवपनापर्यंत जाणारी ती व्यथा एका पुरुषाने स्त्रीच्या तोंडून सांगितली आणि वाचकांना ती खरी वाटली. हे त्या काळातले सर्वांत सहृदय वेषांतर म्हणावे लागेल. पण त्याच्या आठ वर्षे आधी, १८८२ मध्ये, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली होती. ती कुणाचे सोंग न घेता, स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या संतापाने लिहिली होती. तिला समाजाने जवळजवळ शतकभर अडगळीत टाकले. यमूचे दुःख पुरुषाच्या हातून आले तेव्हा ते साहित्य झाले. ताराबाईंचे दुःख थेट आले तेव्हा तो उद्धटपणा ठरला.

स्त्रीने पुरुषवेष घेण्याला मराठी मनात मुळीच जागा नव्हती, असे मात्र नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे यांनी ‘माझा प्रवास’मध्ये झाशीच्या राणीचा पोशाख वर्णिला आहे. ती बहुधा पुरुषवेषात असे आणि कधी स्त्रीवेषात, हे ते डोळ्यांनी पाहिलेले सांगतात, आणि त्यात नवल केल्याचा सूर नाही. गादीवर बसलेल्या आणि लढणाऱ्या बाईला तेवढी सूट होती. बाकीच्यांना ती रंगमंचावरही सहज मिळाली नाही. बेळगावकर स्त्री संगीत मंडळीसारख्या कंपन्यांत बायकाच सगळ्या भूमिका करीत, पुरुषांच्यासुद्धा. त्या नटींची नावे आज किती जणांना सांगता येतील? स्त्रीपार्टी नटांची नावे मात्र नाट्यगृहांना दिलेली आहेत.

एक लुगडे, तीन किमती

या परवानगीला जातीचीही किनार होती. पेशवाईच्या उत्तरकाळापासून तमाशात बायकी वेषात नाचणारा पोऱ्या असे. पुढे पठ्ठे बापूरावांच्या फडात हिवरगावची पवळा उभी राहिली. तमाशात आलेल्या पहिल्या स्त्रियांत तिचे नाव घेतले जाते. दलित घरातली ही बाई स्वतःचेच लुगडे नेसून, स्वतःच्याच आवाजात गात होती. तिला सोंग घेण्याची गरज नव्हती, आणि तरी ‘कुलीन’ समाजाने तिच्याकडे तिरक्या नजरेनेच पाहिले. प्रतिष्ठित संगीत नाटकातला पुरुष लुगड्यात उभा राहिला तर ती रंगभूमीची सेवा, दलित स्त्री लुगड्यात उभी राहिली तर तो तमाशा.

पुरुषांतही हा भेद राहिला. बालगंधर्वांना १९६४ मध्ये पद्मभूषण मिळाले. मराठी नाटक-सिनेमात नाच्याच्या भूमिका अजरामर करणाऱ्या कोल्हापूरच्या गणपत पाटलांना मात्र त्या भूमिकेची छाया खाजगी आयुष्यातही सोसावी लागली. लोकांना पडद्यावरचे सोंग आणि माणूस वेगळे करता आले नाहीत. लाजणारी नायिका करणारा नट सन्मानाला पात्र ठरला. लचकणारा नाच्या करणारा नट हसण्यावारी नेला गेला. नायिकेचे सोंग पुरते स्त्री होते, म्हणून निर्धोक. नाच्याचे सोंग मधल्या जागेवर उभे होते, आणि ती मधली जागाच लोकांना सहन होत नव्हती.

मधल्या जागेवर खरोखर जगणाऱ्या माणसांचे काय झाले, हे पाहण्यासाठी आपल्याला हैदराबाद संस्थानात यावे लागते. १९१९ हे साल मराठी रंगभूमीवर ‘एकच प्याला’चे. गंधर्व मंडळीच्या प्रयोगात बालगंधर्वांची सिंधू फाटक्या लुगड्यात जात्याशी बसली, की प्रेक्षागृह रडत असे. त्याच सुमारास, १३२९ फसलीत म्हणजे १९१९-२० मध्ये, निजामाच्या राज्यात तृतीयपंथीयांविषयीचा कायदा झाला. त्याचा साचा १८७१ च्या इंग्रजी कायद्याचाच होता. हैदराबाद शहरात आणि सरकार ठरवील त्या इतर ठिकाणी राहणाऱ्या तृतीयपंथीयांची नोंदवही ठेवायची. नोंद झालेला माणूस स्त्रीवेषात किंवा दागिने घालून रस्त्यावर दिसला, किंवा त्याने लोकांसमोर नाच-गाणे केले, तर वॉरंटाशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड. बीड, अंबाजोगाई, परळी, गेवराई ही सारी गावे त्या काळी याच राज्यात होती.

सिंधूच्या लुगड्यावर हुंदके देणारा आणि या कायद्याखाली रस्त्यावर पकडला जाऊ शकणारा, असे दोन मराठी माणूस एकाच वर्षी होते. दोघांच्या अंगावरचे वस्त्र कदाचित एकाच पेठेतून आलेले असेल. फरक एवढाच, की एकाचा वेष प्रयोग संपल्यावर उतरणार होता आणि दुसऱ्याचा उतरणार नव्हता. समाजाने आणि सरकारने माफ केले ते सोंग. खरेपण त्यांनी माफ केले नाही.

सप्ताहातले भारूड

आपल्या भागात मात्र या दोहोंच्या आधीची एक तिसरी रीत आहे. ती गोदावरीकाठची. नदीच्या पलीकडे वरच्या अंगाला पैठण आहे, आणि बीड जिल्ह्याची उत्तर सीमा याच नदीने आखली आहे. सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी भारुडे रचली. त्यांत सासुरवाशीण आहे, जोगवा मागणारी आहे, गोंधळी आणि वासुदेव आहेत. सासरच्या जाचाने कावलेली सून देवीला नवस बोलते आणि घरातल्या एकेकाला वाटेला लावण्याची मागणी करते, तेव्हा अर्थ परमार्थाचा असला तरी ऐकणाऱ्या बायकांना त्यातला प्रपंचही कळतो. जिल्ह्यातल्या गावोगावच्या हरिनाम सप्ताहांत आजही भारूड उभे राहते. पुरुष भारूडकार लुगडे गुंडाळतो, कुंकू लावतो, कधी मिशी तशीच ठेवतो, आणि समोरचे मंडळ टाळ धरते. सिल्लोडचे निरंजन भाकरे यांनी ‘बुरगुंडा’ दूरवर पोचवला. पंढरपूरच्या चंदाताई तिवाडी यांनी हे दालन बाईनेही गाजवता येते हे दाखवले.

या परंपरेला निव्वळ उदार म्हणणे भाबडेपणाचे होईल. तीही पुरुषांचीच होती, आणि लुगडे नेसलेल्या मिशीवाल्यावर जो हशा पिकतो त्यातला बराचसा बाईच्या जातीवरचा असतो. शिवाय खणांच्या चिंध्यांचा घागरा घालून, केस वाढवून मरीआईपुढे आसूड ओढणारा पोतराज गावाला चालतो, तो गावाबाहेरच्या वस्तीतला म्हणूनच. त्या वेषामागे देवीचे भय आहे आणि जातीची सक्तीही. तरीही एक गोष्ट कबूल करायला हवी. बृहन्नडा होऊन विराटाच्या मुलीला नृत्य शिकवणाऱ्या अर्जुनाची कथा ऐकणाऱ्या गावाला वेष बदललेला माणूस आपोआप गुन्हेगार वाटत नव्हता. त्याला नोंदवहीत घालून पकडण्याची कल्पना कायद्याच्या पुस्तकातून आली. एकनाथांच्या वारशाशी बालगंधर्वांचा धागा जुळला, तो १९३५ मध्ये. प्रभातच्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात त्यांनी एकनाथांची भूमिका केली. पंचेचाळिशी ओलांडलेला हा नट पडद्यावर पुरुषवेषात आला. उलटा बदल! पण प्रेक्षकांच्या मनातून भामिनी काही उतरली नाही.

पुढचा हिशेब थोडक्यात सांगता येतो. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतरच्या ‘आंधळ्यांची शाळा’त ज्योत्स्ना भोळे यांच्यासारख्या स्त्रियांनी स्त्रियांच्या भूमिका केल्या आणि स्त्रीपार्टाचे युग मावळू लागले. सिनेमात तो फेरा याआधीच सुरू झाला होता. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती झालेले अण्णा साळुंके १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही झाले, पण दरम्यान ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला पडद्यावर येऊन गेल्या होत्या. बायका आल्या आणि पुरुषांनी लुगडी खाली ठेवली. या बदलाची आपण रास्त नोंद घेतो. पण ज्यांची लुगडी सोंगाची नव्हती, त्यांचा हिशेब या बदलात आलाच नाही. १९५६ मध्ये मराठवाडा हैदराबादपासून वेगळा झाला. तेलंगण भागात १३२९ फसलीचा तो कायदा पुस्तकात तसाच राहिला. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तृतीयपंथीयांना स्वतःची ओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला, तरी तो राहिला. अखेर जुलै २०२३ मध्ये तेलंगणा उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. बालगंधर्वांच्या मृत्यूला तोवर जवळजवळ छप्पन्न वर्षे होत आली होती.

केंद्राच्या २०१९ च्या कायद्याने ओळखीचे प्रमाणपत्र देण्याचे काम जिल्हाधिकाऱ्याकडे सोपवले. म्हणजे बीडच्या ज्या माणसाला आपली ओळख कागदावर हवी, त्याने अर्ज करायचा तो जिल्हाधिकाऱ्याकडे. शंभर वर्षांपूर्वीची नोंदवही पकडण्यासाठी होती, आजचे प्रमाणपत्र हक्कासाठी आहे. हा फरक लहान नाही. पण आपण कोण हे सांगण्यासाठी सरकारदारी उभे राहण्याची पाळी अजूनही काहींवरच येते. सप्ताहात लुगडे गुंडाळून उभ्या राहणाऱ्या भारूडकाराकडे असा कागद कोणी मागत नाही, कारण आरती झाली की तो ते सोडून ठेवणार आहे हे साऱ्या गावाला माहीत असते.